न ओरडता वर्ग कसा चालवायचा, आणि मुलांवर खरी जबाबदारी कशी सोपवायची

हे मुख्यतः पाचवी ते आठवीला शिकवणाऱ्यांसाठी लिहितेय. म्हणजे एका वर्गात चाळीस-पन्नास मुलं, एका बाकावर तिघं, बाहेर मैदानात दुसऱ्या वर्गाचा पीटीचा तास चालू आणि आत तुम्ही अपूर्णांक शिकवताय. छोट्या वर्गांना यातलं बरंचसं चालेल, नववी-दहावीलाही चालेल, फक्त बोलण्याची पद्धत थोडी बदलावी लागेल.

शांत वर्ग हवा तर शिक्षक शांत स्वभावाचा पाहिजे असं सगळे म्हणतात, मला ते पटत नाही. ज्यांचे वर्ग छान चालतात असे जे शिक्षक मी पाहिलेत त्यातले काही स्वभावाने चांगलेच तापट आहेत. पण त्यांच्या वर्गात वह्या कशा वाटायच्या, पाणी प्यायला कधी जायचं, काम लवकर संपलं तर पुढे काय करायचं हे आधीच ठरलेलं असतं आणि मुलांना ते माहीत असतं, त्यामुळे तापायची वेळच फारशी येत नाही. जेकब कूनिन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने वर्गांचं व्हिडिओ शूटिंग करून अभ्यास केला होता, तो १९७० साली पुस्तकरूपाने आला, त्यातही हेच दिसलं. मुलाने खोडी काढल्यावर शिक्षक काय करतात यात चांगल्या चालणाऱ्या आणि गोंधळाच्या वर्गांमध्ये फारसा फरक नव्हता, फरक होता खोडीच्या आधी. म्हणजे शिक्षकाचं सगळ्या वर्गावर लक्ष आहे हे मुलांना जाणवतंय का, एका कामातून दुसऱ्या कामात जाताना वेळ सांडतोय का, एकाला प्रश्न विचारला की बाकीचे मोकळे बसतायत का, या गोष्टींत. म्हणून आपणही सुरुवात तिथूनच करू.

पहिलं काम : गोंधळ नक्की कधी होतो ते बघा

एक आठवडा काहीही बदलू नका. टाचणवहीच्या मागच्या पानावर फक्त लिहून ठेवा, आवाज चढवावा लागला तेव्हा कितवा तास होता, वर्गात काय चाललं होतं, तुम्ही कुठे उभे होता. मुलांची नावं लिहू नका, कारण नावं लिहिली की आपलं लक्ष परत त्याच चार पोरांवर जातं.

आठवड्याने पान वाचलं की बहुतेक वेळा कळतं की गोंधळ दिवसभर नसतोच, तो ठरावीक ठिकाणी असतो. तास बदलताना. वह्या गोळा करताना किंवा वाटताना. खिचडी खाऊन मुलं परत आल्यावर. हुशार मुलांची गणितं सोडवून झालीत आणि बाकीच्यांची चालू आहेत तेव्हा. आणि तुम्ही वर्गाकडे पाठ करून फळ्यावर लांबलचक लिहीत असता तेव्हा. या जागा सापडल्या की अर्धं काम झालं, कारण आता "हा वर्गच वांड आहे" असं न म्हणता "मधल्या सुट्टीनंतरची दहा मिनिटं बिघडतात" असं म्हणता येतं आणि दहा मिनिटं दुरुस्त करता येतात.

दुसरं : दोनच सवयी निवडा आणि त्या धड्यासारख्या शिकवा

इथे बहुतेकांची गाडी अडते. आपण नियमांचा तक्ता करून भिंतीवर लावतो, "वर्गात शांतता राखावी", "शिस्त पाळावी", आणि धरून चालतो की मुलांना समजलं. शांतता राखावी म्हणजे नक्की काय करावं हे कोणी दाखवलेलंच नसतं. त्यापेक्षा सगळ्यात जास्त त्रास देणाऱ्या दोन जागा घ्या आणि तिथे काय करायचं ते सांगा, करून दाखवा, करून घ्या.

उदाहरणार्थ वर्गात येण्याची सवय. तुम्ही आत यायच्या आधी किंवा येताक्षणी फळ्याच्या एका कोपऱ्यात, रोज त्याच कोपऱ्यात, पाच मिनिटांचं काम असलं पाहिजे, मागच्या धड्यावरचे दोन प्रश्न, चार गणितं, एक चित्र आणि त्यावर तीन वाक्यं, काहीही, फक्त कुणालाही न विचारता सुरू करता येईल असं सोपं. मुलं आली की दप्तर बाकाखाली, वही बाहेर, लिहायला सुरुवात. तेवढ्यात तुमची हजेरी होते. हे पहिल्या दिवशी नीट समजावायचं, मग सगळ्यांना परत बाहेर पाठवायचं आणि आत यायला सांगायचं. चुकलं तर न रागावता "थोडा आवाज झाला, परत एकदा करू" एवढंच म्हणायचं आणि खरंच परत करायचं. पहिले दोन-तीन दिवस यात पाऊण तास गेला तरी जाऊ द्या, तो वर्षभरात भरून निघतो.

वह्यांचंही तसंच. प्रत्येक ओळीतल्या शेवटच्या मुलाने वही पुढे द्यायची, पुढच्याने त्यावर आपली ठेवायची, पहिल्या बाकावर गठ्ठा झाला की तिथलं मूल टेबलावर आणून ठेवेल. वाटताना उलटं. कोणीही जागेवरून उठत नाही. ऐकायला किरकोळ वाटतं पण पन्नास मुलं एकदम उठून टेबलाभोवती जमली की धक्काबुक्की, मग तक्रार, मग तक्रारीवर तक्रार, आणि तासाची दहा मिनिटं गेली.

तिसरी सवय लगेच घालू नका. या दोन बसायला दोन-तीन आठवडे लागतात. आणि गणपतीची सुट्टी, दिवाळीची सुट्टी संपली की परत पहिल्यापासून आठवण करून द्यावी लागते, त्यात मुलांचा दोष नाही, सुट्टीत सवय मोडतेच.

तिसरं : आवाज, उभं राहायची जागा, आणि सूचना

मुलांच्या आवाजावर आपला आवाज चढवायचा नाही हा नियम स्वतःला घालून घ्या. लक्ष वेधायला एक खूण ठरवा, हात वर करणं, टाळ्यांचा एक ठेका जो तुम्ही अर्धा वाजवता आणि मुलं पूर्ण करतात, किंवा फळ्याजवळच्या एका ठरलेल्या जागी जाऊन नुसतं उभं राहणं. खूण केल्यावर थांबायचं. सगळे गप्प होईपर्यंत एक शब्दही बोलायचा नाही, पहिल्या आठवड्यात हे थांबणं फार लांब वाटतं आणि बोलायचा मोह होतो, पण अर्धा वर्ग बोलत असताना आपण सूचना दिली की मुलांना कळतं की बाईंचं बोलणं ऐकलं नाही तरी चालतं.

सूचना देताना काय करू नका हे सांगण्याऐवजी काय करायचं ते सांगा. "गप्प बसा, लक्ष द्या" यातून मुलाच्या हाताला काहीच काम मिळत नाही. "इतिहासाचं पुस्तक उघडा, तिसऱ्या धड्याचा पहिला परिच्छेद मनात वाचा, ज्या शब्दाचा अर्थ कळत नाही त्याखाली पेन्सिलीने रेघ मारा, पाच मिनिटं" यात काम आहे, वेळ आहे, आणि झालं की नाही ते बघताही येतं. आणि सूचना एकदाच. परत कुणी विचारलं तर शेजाऱ्याला विचार म्हणायचं, नाहीतर मुलं पहिल्यांदा ऐकतच नाहीत.

टेबलाला चिकटून राहू नका. मागच्या बाकापर्यंत फिरा, तिथूनही शिकवा. प्रश्न विचारला की थांबा. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी मोजून दाखवलं होतं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि ते थांबणं तीन सेकंदांवर नेलं की उत्तरं लांब येतात आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलायला लागतात. आधी प्रश्न, मग थांबणं, मग नाव. आधीच नाव घेतलं की बाकीचे एकोणपन्नास जण सुटले.

चौथं : कुणी चुकला की छोट्यात छोट्या उपायाने सुरू करा

दोन पोरं बोलतायत. आधी नुसतं बघा. मग शिकवणं न थांबवता चालत त्यांच्या बाकाजवळ जा आणि तिथेच उभे रहा. मग वहीवर बोट ठेवा. बहुतेक वेळा इथेच मिटतं आणि बाकीच्या वर्गाला कळतही नाही. नाही मिटलं तर वाकून, फक्त त्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "तिसरं गणित सुरू कर, मी दोन मिनिटांत बघायला येते", आणि तिथून निघून जायचं. हे निघून जाणं महत्त्वाचं आहे. आपण डोक्यावर उभे राहिलो की सहावी-सातवीच्या पोराला मित्रांसमोर मान खाली घालणं अवघड जातं आणि तो उलट बोलतो, आपण बाजूला झालो की तो आपसूक वही उघडतो.

"बाई मी नाही, तोच पहिला बोलला" हे येणारच. तिथे कोर्ट भरवू नका. "असेल. आत्ता तुझं कुठलं गणित चालू आहे?" एवढंच. परत म्हणाला तर परत तेच वाक्य, त्याच आवाजात. कोण पहिला बोलला याचा निकाल लागून कुठल्याच वर्गाचं भलं झालेलं नाही.

तुम्हाला स्वतःला राग आला असेल तर निर्णय तेव्हा घेऊ नका. घोटभर पाणी प्या, फळ्याकडे वळून तारीख वार लिहा, आणि सांगा, "यावर आपण तास संपल्यावर बोलू." मोठ्या मुलांना थांबणं जमतं, उलट वाट बघताना तो स्वतःच विचार करतो. पहिली-दुसरीच्या मुलांशी मात्र लगेच बोलायला हवं, त्यांना दुपारी सकाळचं आठवत नाही.

एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला मनाई केली आहे, कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. छडी तर नाहीच, पण उठाबशा, अंगठे धरून उभं करणं, "तुझ्या डोक्यात भुसा भरलाय" असं वर्गासमोर म्हणणं, हेही त्यातच येतं. पालक स्वतः येऊन "सर, दोन लगवा, आमची हरकत नाही" असं म्हणाले तरी नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, मार खाल्लेलं मूल फक्त सापडायचं नाही एवढंच शिकतं.

पाचवं : फळ्यावर नावं लिहिणारा मॉनिटर बंद करा

आपल्याकडे जबाबदारी म्हटलं की मॉनिटर. शिक्षक ऑफिसात गेले की तो खडू घेऊन उभा, बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर, जास्त बोलला तर नावापुढे फुली. मग काय होतं ते आपण सगळ्यांनी शाळेत पाहिलंय. मित्राचं नाव पुसलं जातं, ज्याच्याशी भांडण आहे त्याच्या नावापुढे फुल्या वाढतात, आणि त्या एका मुलाला पोलिसगिरी शिकायला मिळते, बाकीच्या एकोणपन्नास जणांना जबाबदारी घ्यायची एक संधीही मिळत नाही. मला ही पद्धत मनापासून नको वाटते.

त्याऐवजी वर्गातली खरी कामं मोजा आणि सगळ्यांत वाटा. फळा पुसणं, तारीख आणि पट-उपस्थिती लिहिणं, पाण्याची टाकी भरलीय का बघणं, खिचडीच्या आधी हात धुवायच्या रांगेकडे लक्ष, वाचनपेटीतल्या पुस्तकांची नोंद, कुंड्यांना पाणी, पंखे-दिवे बंद करणं, खिडक्या लावणं, परिपाठाची तयारी, गैरहजर मुलाचा अभ्यास लिहून ठेवून त्याला देणं, नवीन आलेल्या मुलाला शाळा दाखवणं. बसून यादी केली की वीस-पंचवीस कामं सहज निघतात, जोड्या केल्या की पन्नास मुलं झाली. महिन्याने कामं बदलायची.

यात तीन गोष्टींवर नजर ठेवा. झाडू मुलींकडे आणि बँक किंवा पोस्टाची कामं मुलांकडे असं होऊ देऊ नका. सफाईचं काम त्याच त्या घरांतल्या मुलांकडे जातंय का ते तर फारच बारकाईने बघा, असं होत असेल तर ते जबाबदारी देणं नव्हे, गावातली जात वर्गात आणणं आहे, पाळी सगळ्यांची म्हणजे सगळ्यांची. आणि शिक्षकांचा चहा आणणं, गाडी पुसणं ही वर्गाची कामं नाहीत, ती यादीत येता कामा नयेत.

काम सोपवताना ते "झालं" म्हणजे कसं दिसतं ते सांगा. "झाडांकडे लक्ष दे" म्हणजे काहीच नाही. "सोमवार, बुधवार, शुक्रवार परिपाठाच्या आधी, प्रत्येक कुंडीला एक तांब्या" हे काम झालं. आणि एकदा दिलं की रोज आठवण करून देऊ नका. हे जड जातं, कारण कुंडी सुकताना दिसते आणि आपलं तोंड उघडतं. पण आपण रोज आठवण केली तर काम आपलंच राहिलं, मुलाकडे फक्त तांब्या गेला. एखादं रोप माना टाकू दे, मग विचारा, "कुंड्यांचं काय झालं, आणि आता काय करूया?"

ज्या मुलाचा सगळ्यात जास्त त्रास त्यालाच मॉनिटर करा असा सल्ला खूप जण देतात. त्याला काम नक्की द्या, पण सगळ्यांना मिळतं तसं आणि त्याला जमेल असं. आमिष म्हणून दिलेलं पद मुलं लगेच ओळखतात.

सहावं : शनिवारची सभा

शनिवारी सकाळची शाळा असते तेव्हा शेवटची वीस मिनिटं वर्गसभेला ठेवा. जमलं तर गोलात बसा. अध्यक्ष दर वेळी वेगळं मूल, इतिवृत्त लिहिणारं वेगळं. विषय तीनच, या आठवड्यात काय चांगलं झालं, कुठे अडलं, पुढच्या आठवड्यात काय करून बघायचं. तक्रार असेल तर नाव न घेता मांडायची, "काही जण जेवताना रांग मोडतात" असं, आणि मांडणाऱ्याने एक उपायही सुचवायचा. दंड लावायचा उपाय मुलं हमखास सुचवतात, पाच रुपये, दहा उठाबशा वगैरे, तिथे तुम्ही ठाम नाही म्हणा आणि विचारा की याने रांग नीट कशी होईल. ठरलेलं एकच काम वहीत लिहायचं, पुढच्या शनिवारी सभा तिथूनच सुरू.

पहिल्या काही सभा रटाळ होतात, कोणी बोलत नाही किंवा सगळे एकदम बोलतात. चालू ठेवा. मुलांनी सुचवलेली एखादी साधी गोष्ट खरंच अंमलात आली, म्हणजे समजा पाण्याची सुट्टी दुसऱ्या तासानंतर हवी होती आणि ती मिळाली, की सभेला जीव येतो. मात्र जे मुलांच्या हातात नाही, परीक्षेचं वेळापत्रक वगैरे, त्यावर मतं मागू नका.

सातवं : चूक झाली तर ती निस्तरायला लावा

रुडॉल्फ ड्रायकर्स या मानसोपचारतज्ज्ञाने एक विचार मांडला तो मला वर्गात सगळ्यात उपयोगी वाटतो, चुकीचा परिणाम चुकीशी जोडलेला असावा. बाकावर पेनाने कोरलं तर बाक घासून साफ करायचं, पीटीचा तास काढून घ्यायचा नाही. कुणाचा कंपास तोडला तर तो दुरुस्त करायचा किंवा आपला वापरायला द्यायचा. गृहपाठ नाही केला तर "मी रोज अभ्यास करीन" पन्नास वेळा लिहून तो गृहपाठ होत नाही, तोच गृहपाठ कधी पूर्ण करणार ते मुलाने सांगायचं, "आज ऑफ तासाला की उद्या परिपाठाच्या आधी?" दोन्ही पर्याय आपल्याला चालणारे हवेत, आणि त्याने जो निवडला त्या वेळी आपण खरंच वही मागायला हवी. विसरलात तर सगळं गेलं.

मारामारी झाली तर दोघांना आधी वेगळं बसवा, पाणी द्या, थंड होऊ द्या. मग एकेकट्याला तेच प्रश्न, काय झालं, त्यात कोणाला काय त्रास झाला, आता तू काय करशील. उत्तर यायला वेळ लागतो. "माहीत नाही" आलं तर, "ठीक आहे, मधल्या सुट्टीपर्यंत विचार कर." जबरदस्तीने सॉरी म्हणायला लावू नका, ते तोंडदेखलं असतं आणि ज्याला लागलंय त्याला तर ते जास्त झोंबतं. लिहिता येणाऱ्याने आपल्या शब्दांत अर्धं पान लिहावं, न येणाऱ्याने सांगावं आणि तुम्ही लिहा. दोन दिवसांनी परत विचारा, ठरलं होतं ते झालं का. एक मात्र, कोणी कोणाला रोज छळतोय, जातीवरून, रंगावरून, शरीरावरून चिडवतोय असं असेल तर दोघांना समोरासमोर बसवून मिटवायला जाऊ नका. ते दोन सारख्यांचं भांडण नसतं. आधी छळ सोसणारं मूल सुरक्षित करा, मुख्याध्यापकांना सांगा, नोंद ठेवा.

आठवं : तेच मूल परत परत चुकतंय तेव्हा

इथे वागण्याच्या मागे बघायला हवं. मागच्या बाकावर सतत बोलणाऱ्या मुलाला कदाचित फळाच दिसत नसेल आणि तो शेजाऱ्याला विचारत असेल. त्याला आठवडाभर पुढे बसवून बघा, आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं आरोग्य पथक शाळेत येतं तेव्हा डोळे आणि कान आवर्जून तपासायला सांगा. सकाळी न खाता आलेलं मूल खिचडीच्या आधीच्या तासाला चिडचिड करणारच. ऊसतोडीला गेलेल्या घरातलं मूल हंगाम संपल्यावर परत येतं तेव्हा धडे पुढे गेलेले असतात, काही कळत नाही आणि मग टवाळी करणं सोपं पडतं. घरी पावरी, गोंडी किंवा बंजारा बोलणाऱ्या मुलाला तुमची सूचना कळली आहे का हे त्यालाच करून दाखवायला सांगून बघा.

ताराबाई मोडकांनी डहाणूजवळ कोसबाडला हेच केलं होतं, गुरं चारायला जाणारी आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शाळाच कुरणात नेली, कुरणशाळा. आपल्याला एवढं मोठं काही करायचं नाहीये, पण बाकाची जागा, कामाचा आकार, तासाची वेळ, एवढं तर बदलता येतं.

पालकांना पहिला फोन चांगल्या गोष्टीसाठी करा. "दादा, नमस्कार, शाळेतून बोलतेय, काळजीचं काही नाही, आज त्याने वर्गात वाचनपेटी फार छान लावली म्हणून सांगायला फोन केला." एवढंच, आणि ठेवायचा. नंतर कधी अडचण सांगायची वेळ आली तर तो माणूस ऐकून घेतो. नुसत्या तक्रारीचा फोन गेला की बऱ्याच घरांत रात्री मुलाला मार बसतो आणि दुसऱ्या दिवशी ते आपल्याशी बोलतही नाही. अडचण सांगताना दिसलेलंच सांगा, "या आठवड्यात तीनदा वही आणली नाही" असं, "लक्षच नसतं त्याचं" असं नको, आणि घरी काय वेगळं चाललंय का ते विचारा.

शेवटी ऑफ तास

हे सगळं कितपत बसलंय ते तुम्ही वर्गात नसताना कळतं, म्हणून त्याची तयारीही करून घ्या. फळ्यावर तीन ओळी लिहून ठेवायच्या, काय करायचं, संपलं तर काय, आणि अडलं तर कोणाला विचारायचं, त्यात शेजारच्या वर्गावरच्या बाईंचं नाव पाहिजेच. सुरुवातीला दहा मिनिटंच बाहेर जा, व्हरांड्यातच थांबा. परत आल्यावर कोण बोललं हे विचारू नका, कोणी सांगायला आलं तरी त्यात शिरू नका. "किती झालं, आणि कुठे अडलं?" एवढं विचारा, वह्या बघा, आणि जे अडलं ते शनिवारच्या सभेत घ्या. दहाची पंधरा आणि पंधराची पूर्ण तासिका करायला एखादं सत्र जाईल, दोनशिक्षकी शाळेत चार वर्ग एकत्र असतील तर हे आधी बसवा कारण तिथे रोज कुठला ना कुठला वर्ग स्वतःहूनच काम करत असतो.